नानांच्या घरात काही तुटत नसे

नानांच्या घरात काहीही तुटत नसे. कपाचा कान निघत नसे, बांगडी फुटत नसे, चपलेचा अंगठा सुटत नसे. सगळं 'वाढत' असे. देवासमोर नारळ 'फोडला' असं आपण म्हणत नाही, 'वाढवला' म्हणतो, इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. नानांनी तीच रीत घरभर पसरवली होती. बादलीची कडी वाढायची, खाटेची दोरी वाढायची. मांजरानं फळीवरची कपबशी पाडली की नानांची बायको, काकू, आतून ओरडायच्या, "वाढली गं बया, दोन्ही वाढल्या!" नवख्या माणसाला वाटावं, या घराची नुसती भरभराट चाललीय.

मी नवखाच होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वीज खात्यात वायरमन म्हणून लागलो आणि माझी नेमणूक जुन्नर आणि आंबेगाव यांच्या मधल्या डोंगरात, रस्ता जिथे दमून थांबतो अशा एका गावी झाली. गाव लहान, पण नाव मोठं. तिथे साळ्यांची पाच-सहा घरं होती आणि त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रेशमी मुकटे विणले जात. मुकटा म्हणजे पूजेला किंवा मुंजीत नेसायचं सोवळं. मी गेलो तेव्हा बाकीच्या घरांतले माग अडगळीत पडले होते. रोज चालणारा माग एकच, नानांचा. राहायला खोलीही गावात एकच मोकळी होती. तीही नानांचीच.

खोली दाखवताना नाना म्हणाले, "मोरी मागं हाय. पानी काकू भरून देईल. येक शबूद तेवढा या घरात काढायचा न्हाई, भाऊ."

"कुठला?"

आता नानांची पंचाईत झाली. शब्द सांगायचा तर उच्चारावा लागणार. त्यांनी कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी ओढून काढली, माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि कट्‌कन दोन तुकडे केले.

"ह्ये जे झालं ना, ते."

"मोडली?"

"त्यो बी नगं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तार तुटणं हे माझं पोटापाण्याचं साधन. वारा सुटला की तार तुटे, फांदी पडली की तार तुटे, माकडं झुलली की तार तुटे. दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडी येणारा तो एकच शब्द, आणि खोली मिळाली ती नेमकी याच घरात. मी कारण विचारलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "रेशमाला कान असत्यात. ताण्यातल्या येका धाग्यानं ऐकलं की शेजारचा शिकतो." यावर वाद घालण्याइतकं शिक्षण माझं झालं नव्हतं. मी सामान टाकलं.

नाना दिसायला किरकोळ, उंचीनं बेताचे, आणि कमरेखाली कायम जमिनीत. त्यांचा माग खड्ड्याचा होता. खोलीच्या जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचा. त्यामुळे मला नाना आठवतात ते अर्धेच. जमिनीवर मांडलेला एक सदरा, त्यावर एक टोपी, आणि टोपीखालून येणारं बोलणं. बोलणंही धोट्याच्या तालावर. धोटा डावीकडे गेला की दोन शब्द, उजवीकडे आला की दोन. हात थांबला की तोंडही थांबे, मग वाक्य कुठेही लोंबकळत राहो.

मागाच्या खोलीत त्यांनी बल्ब लावू दिला नाही. "बलाचा उजेड लबाड हाय. हिरव्याला निळा म्हनतो," असं त्यांचं मत. स्वयंपाकघरात मीटर होता, ओसरीवर बल्ब होता, माझ्या खोलीत तर मी हौसेनं ट्यूब लावली होती. पण मागावर फक्त खिडकीतलं ऊन. ऊन सरकलं की नाना उठत. गावातले लोक मला चिडवत, "काय राव वायरमन, तुमच्याच घरात अंधार?"

वेळ ते कापडावर मोजत. घड्याळ घरात होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. काकूंनी जेवायला बोलावलं की आतून यायचं, "चार बोटं थांब." बाजाराला जायचं तर "वीतभर झालं की निघू." गंमत पाहुण्यांची व्हायची. पुण्याहून गाड्या करून लोक रेशमाचं गाव बघायला येत. त्यांना नाना सांगत, "पावणं, वीतभर बसा." वीतभर म्हणजे क्षणभर असं समजून पाहुणे उभ्याउभ्याच थांबत. एक वीत रेशीम विणायला तास-दीड तास जातो हे त्यांना पाय दुखायला लागल्यावर कळे.

आणि वीत पुरी झाली तरी मुकटा मिळेलच असं नाही. आधी परीक्षा. "नेसनार का ठेवनार?" हा नानांचा ठरलेला प्रश्न. एकदा एक बाई आल्या होत्या, पर्स सावरत मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "नाही हो, नेसायचं कुठलं इतकं सुंदर! जपून ठेवणार, कपाटात." त्यांना वाटलं, म्हातारा खूश होईल. नानांनी घडी परत कापडात बांधली. "कपाटासाठी आमी विनत न्हाई." बाई निघून गेल्यावर काकूंनी कपाळावर हात मारला. नाना मात्र असे प्रसन्न दिसत होते की एखाद्याला वाटावं, आज दोन मुकटे खपले.

त्यांच्या नादानं माझंही एकदा हसं झालं. पावसाळी वाऱ्यात डिंगोऱ्याच्या बाजूला जाणारी तार तुटली. गावात फोन एकच, किराणा दुकानात, आणि दुकान नानांच्या भिंतीला भिंत लावून. इतक्या महिन्यांची सवय. मी सबस्टेशनला फोन लावून ओरडलो, "साहेब, तार वाढली!"

"वाढली?" पलीकडून ऑपरेटर म्हणाला. "मग ताणून घ्या ना राव! त्यात फोन काय करताय?"

सैल होऊन झोळ पडलेल्या तारेलाही आमच्याकडे तार वाढली म्हणतात, हे मी विसरलो होतो. फोन ठेवून दिला त्यानं. खरा शब्द मी दुकानातून उच्चारीना, कारण भिंतीपलीकडे धोटा वाजत होता. शेवटी अर्धा डोंगर उतरून, खालच्या गावातून फोन करून मी मोकळ्या गळ्यानं 'तुटली' म्हणालो. आल्यावर नानांना सगळं सांगितलं. त्यांनी धोटा थांबवला, ही फार मोठी गोष्ट, आणि म्हणाले, "लई चांगला मानूस हाईस तू." खोटं कशाला सांगू, तेवढ्यावर मी दिवसभर फुशारलो होतो.

त्याच वर्षी, सुगी उरकल्यावर, सुमन माहेरी आली.

सुमन नानांची एकुलती मुलगी. लोणीच्या बाजूला दिलेली. सासरचेही जातीनं साळीच, पण दोन पिढ्यांमागे माग मोडून शेतीला लागलेले. आता कांदा आणि बटाटा यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. ती एसटीतून उतरली तेव्हा तिच्या उजव्या हातात पिशवी होती आणि डावा हात ओढणीत बांधलेला होता. काकूंनी ओढणी सोडली आणि तोंडाला पदर लावला. नवऱ्यानं हात पिरगळला होता. पहिल्यांदाच नव्हे. या वेळी हाड गेलं एवढंच.

मी आणि नाना तिला घेऊन जुन्नरला हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? नाना म्हणाले, "हात वाढलाय."

"सूज आहे? किती दिवसांपासून?"

"सूज न्हाई, सायेब. हाड वाढलंय."

डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. हाड वाढणं म्हणजे निराळाच आजार, त्यासाठी निराळ्या तपासण्या. ते कागद ओढून लिहायला लागले तेव्हा माझा धीर सुटला. "मोडलंय हो, डॉक्टर," मी म्हणालो. "हिच्या नवऱ्यानं मोडलंय."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या तोंडात मारली होती. परत येताना घाटात एसटी हळू झाली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "तुझं बराबर व्हतं. माझ्या तोंडून निघंना." मला त्या माणसाची तेव्हा फार दया आली आणि रागही तितकाच आला. पोरीचा हात मोडतो आणि बापाला तो शब्द जड जातो, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत सासरचं कुत्रंही फिरकलं नाही. प्लास्टर निघाल्याचं कळलं तशी जीप भरून माणसं आली. कांदा लागणीचे दिवस होते, दोन हात पुन्हा चालू झालेले होते, हिशेब सरळ होता. जावई आला नव्हता. पुढारपण त्याच्या चुलत्याकडे होतं. पांढरं धोतर, पांढरी मिशी, आवाज असा की लाउडस्पीकर विकत घ्यायची गरज नाही. बैठक मारुतीच्या देवळात बसली. नाना मला म्हणाले, "चल. चार मानसांत बोलायचं म्हंजे सोबत पायजे." जाण्याआधी त्यांनी सुमनला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मला विहिरीत टाका, पर तिकडं धाडू नका." काकूंसमोर, माझ्यासमोर. नानांनी मान हलवली होती. ठरलं होतं सगळं. फक्त जाऊन सांगायचं होतं.

चुलत्यानं तासभर भाषण केलं. पोरगं तापट आहे, पण मनानं निर्मळ आहे. भांड्याला भांडं लागतं. झालं गेलं सोडून द्यावं. मग म्हणाला, "बोला नाना. तुमचा काय इचार?"

नाना उठून उभे राहिले. त्यांना असं पूर्ण उभं, चार माणसांत, मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी टोपी नीट केली.

"आमच्याकडून सोयरीक वाढली," ते म्हणाले.

चुलत्याचा चेहरा उजळला. "वा नाना, वा! सोयरीक वाढलीच पायजे! म्होटं मन लागतं राव त्याला!"

गावच्या लोकांना अर्थ कळला होता. साळ्यांचं बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पण गावकरी मोठे इरसाल. सगळे खाली बघत बसले, दोघांनी तर तोंडावर टॉवेल धरला.

"तसं न्हाई," नाना म्हणाले. "वाढली म्हंजे... नारळ वाढतो ना, तशी वाढली."

"अगदी बराबर! आना नारळ!" चुलता गरजला. त्यानं नारळ सोबतच आणला होता. "मारुतीम्होरं वाढवा. शुभ काम झालं." आणि आपल्या एका माणसाला पिटाळलं, "जा, सुनबाईला सांग, नाना हो म्हनलं. पिशवी भर म्हनावं, चहा झाला की निघू."

नानांचं तोंड उघडं होतं, पण आत काही सापडत नव्हतं. शोधणार कुठे? तो शब्द त्यांनी आयुष्यभर घरातून बाहेर टाकला होता. मी उठणार होतो. जुन्नरला बोललो तसा इथेही बोलून टाकणार होतो. पण ही सोयरीक माझी नव्हती. भाडेकरूच्या शब्दावर लग्नं मोडत नाहीत.

तेवढ्यात सुमन आली. निरोप्याच्या मागोमाग, हातात तीच पिशवी. वाद नाही, रडणं नाही. बाप हो म्हणाला असं तिला सांगितलं गेलं होतं आणि तिनं ते खरं मानलं होतं. देवळाच्या पायरीपाशी थांबून तिनं नानांकडे पाहिलं. सात-आठ वर्षं मार खाल्लेल्या माणसाच्या डोळ्यांत जेवढा विश्वास उरतो तेवढा शेवटचा तिथे होता, आणि तोही चालला होता.

"तुटली," नाना म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की चुलत्यानं कानामागे हात नेला. "काय म्हनला?"

"तुटली. सोयरीक तुटली." आता आवाज चढला. "मी तोडली! तिचा हात मोडला तुमच्या पोरानं, मोडला! हाड तुटलं तिचं! न्हाई पाठवायची मी. तुटली, तुटली, तुटली! कळलं का आता मराठीत?"

टॉवेल खाली आले. चुलत्यानं नारळाकडे पाहिलं, मग नारळ बगलेत घातला आणि जीपकडे निघाला. त्याच्या लोकांनी थोडी आदळआपट केली, पोलिसांची भाषा केली, पण गावकरी आता इरसाल राहिले नव्हते. सगळे उभे होते. जीप धुरळा उडवत खाली गेली.

मला वाटलं, आता नाना पोरीला जवळ घेतील. ते तिच्याकडे न बघता तडक घरी गेले. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा ते मागाच्या खोलीत खड्ड्याच्या काठावर उभे होते आणि त्यांच्या हातात मोठी कात्री होती. मागावर ओझरच्या एका घरचा मुकटा चढलेला होता. विघ्नहराच्या पूजेला नेसायचा, जेमतेम अर्धा झालेला, पुढे उभ्या धाग्यांचा सगळा ताणा उघडा पसरलेला.

"काय करताय?" काकू ओरडल्या.

"ज्याच्या तोंडून त्यो शबूद निघाला त्यानं चढत्या ताण्यावर बसायचं न्हाई. आज्याची रीत हाय. ताना कापून उतरवायचा."

"पण तुम्ही देवळात बोललात," मी म्हणालो. "इथून कुठे ऐकू गेलं असेल?"

"माझ्या कानांनी ऐकलं की."

रेशीम उकलण्यापासून धरलं तर महिन्याभराचं काम होतं ते. आणि घरात पुढचं रेशीम नव्हतं. सुमन पुढे झाली आणि तिनं नानांच्या हातातली कात्री काढून घेतली.

"शबूद तुमी बोलला," ती म्हणाली. "मी न्हाई बोलले. तुमी नका बसू. मी बसते."

नाना तिच्याकडे बघत राहिले. साळ्याच्या घरात बायका सूत उकलत, धोट्यात घालायच्या कांड्या भरत. खड्ड्यात पाय सोडायचा तो पुरुषानं. "तुला कुठं येतंय?" ते म्हणाले.

यावर काकू बोलल्या, भांडण्याच्या आवाजात. "येतंय तिला. लग्नाआधी तुमी संकष्टीला ओझरला जायचा तवा कोन बसायचं? कापड दोन बोटं जास्ती भरायचं तर म्हनायचा, गनपती विनून गेला. गनपती न्हवता त्यो!"

नाना मटकन खाली बसले. त्यांनी ते गावभर सांगितलं होतं. मलाही सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. विघ्नहर संकष्टीला आपल्या मागावर येतो, यावर त्या माणसाची अर्धी हयात उभी होती. मला वाटलं, आता यांचं काही खरं नाही. पण ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला आला. काकूंनी पाणी दिलं.

सुमननं तोवर साडी खोचून खड्ड्यात पाय सोडले होते. डावा हात अजून नीट उघडत नव्हता. तिनं पावडी दाबली, धोटा फेकला. पहिला फेर गेला. दुसरा गेला. नाना भिंतीशी सरकून कांड्या भरायच्या रहाटाजवळ बसले, बायकांच्या जागेवर, आणि त्यांनी रहाटाच्या दांडीला हात लावला. खिडकीतलं ऊन अजून मागावर होतं. मी दारात उभा होतो.

मग धोटा अडला. आखडलेल्या हातानं तो तिरका गेला असावा. सुमननं वाकून ताण्यातला धागा पाहिला आणि सासरच्या सवयीनं तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "नाना, तुटला."

काकूंचा हात तोंडावर गेला. कात्री तिथेच, सुमनच्या बाजूला जमिनीवर पडलेली होती. नानांनी कात्रीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. रहाट थांबला नाही.

"मग बघत काय बसलीस?" ते म्हणाले. "सांध."